फोमच्या आधी कोपऱ्यांकडे बघा

तुमची खोली १० बाय १० फुटांची, छत साडेनऊ फुटांवर, रेकॉर्ड करायचं आहे गाणं आणि तबला. विचारताय खोलीचा घुमारा कमी करायला भिंतींना पिरॅमिड फोम लावू, अंड्याचे ट्रे की रॉकवूल (दगडापासून काढलेल्या तंतूंची लादी). माझं मत: रॉकवूल, तेही जाड. फोमचे पैसे वाचवा.

बाजारात मिळणारा एक इंची फोम साधारण हजार हर्ट्झच्या वरचाच आवाज नीट शोषतो. टाळी वाजवली की येणारी झिणझिण जाते आणि खोली सुधारली असं वाटतं. पण खालचा घुमारा तसाच राहतो, उलट वरचा भाग गेल्यामुळे जास्त टोचतो. असा आवाज मग मिक्सिंगमध्ये कितीही ईक्यू लावला (वरचे-खालचे सूर कमीजास्त केले) तरी उघडत नाही. फोमचा आकार पिरॅमिड असो की पाचर, फरक पडतो तो जाडीने. अंड्याचे ट्रे म्हणजे नुसता पातळ पुठ्ठा. शोषण नावापुरतं, आणि भिंतभर चिकटवले तर आगीला आमंत्रण. साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमचंही तेच, पेटला की विषारी धूर होतो. रॉकवूल जळत नाही.

तुमची खरी अडचण खोलीच्या मापात आहे. १० फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६-५७ हर्ट्झला पहिला अनुनाद तयार होतो, म्हणजे तेवढाच सूर खोलीत फुगतो. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे तो दोन्ही दिशांनी त्याच जागी येतो, आणि छताचाही ५९-६० च्या आसपास पडतो. तिन्ही एकमेकांवर चढतात. त्याची दुप्पट ११३ हर्ट्झ. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र धैवत, म्हणजे खालच्या सप्तकातला ध, जवळपास तिथेच लागतो, म्हणजे इतर सुर सरळ येतील आणि तो एकटा फुगेल किंवा गायब होईल, माइक कुठे आहे त्यावर. डग्ग्याच्या घुमाऱ्याचंही तसंच. इथे एक इंची फोम काहीही करू शकत नाही.

हे खालचे सूर कोपऱ्यांत सगळ्यात जास्त साठतात, म्हणून सुरुवात कोपऱ्यांपासून. घनमीटरला ४८ किलो घनतेचे ५० मिलिमीटरचे रॉकवूल स्लॅब घ्या. पार्टिशन आणि फॉल्स सीलिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात, स्टुडिओच्या नावाने विकणाऱ्यांपेक्षा बरेच स्वस्त. दोन थर एकावर एक ठेवून १०० मिलिमीटरचं पॅनेल करा, पाइनच्या पट्ट्यांची चौकट पुरते. ते कोपऱ्यात तिरपं, जमल्यास जमिनीपासून छतापर्यंत उभं करा. मागे राहणारी पोकळी फुकटचं काम करते. दाराचा कोपरा सुटला तरी बाकीचे तीन सोडू नका.

पुढची जागा गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः एकाच बाजूचं ऐकणारा, माइक समोरचं ऐकतो, म्हणजे गाणाऱ्याबरोबर त्याच्यामागची भिंतही ऐकतो. दोन पॅनेल तिथे, भिंतीपासून चार इंच सोडून. जमलं तर एक माइकच्या वर छताला. बस, चारही भिंती झाकू नका. तबल्याच्या चाटीला (कडेवरच्या बोलांना) थोडी मोकळी भिंत लागते, नाहीतर नाद मरतो.

वर कापड मांजरपाट चालेल. तोंडाला लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली पाहिजे. रेक्झिन अजिबात नको. तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून आतून पातळ नॉन-वोवन कापड लावा. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. अंगाला फार खाज सुटते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला पॅनेल टेकवू नका. रॉकवूलला काही होत नाही, पण कापडाला आणि लाकडाला बुरशी धरते.

इतक्यात खर्च नको असेल तर घरातल्या जाड कापसाच्या गाद्या गाणाऱ्याच्या मागे उभ्या करून एक टेक घ्या. एक इंची फोमपेक्षा फरक जास्त ऐकू येईल.

आणि रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज यातल्या कशानेच थांबणार नाही. तो खिडकी-दाराच्या फटींतून येतो. त्यासाठी रबरी पट्ट्या, जाड काच आणि भरीव दार हे वेगळं काम आहे. बजेट कमी असेल तर ते नंतर करा. तोवर रेकॉर्डिंग रात्री दहानंतर घ्या, पण तबल्यासाठी आधी शेजाऱ्यांना विचारून.