स्थळ ठरण्याआधी अक्काशी बोल

‘ताई, मी २४ वर्षांचा. गाव खानापूर तालुक्यात, नोकरी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्शनला. मायक्रोमीटर हातात असला की वेळ कसा जातो कळत नाही. यंदा सुपरवायझर केलं आणि सगळं बिघडलं. मशीनचा आवाज, माणसांची भांडणं, सारखा फोन. झोप गेली. एकदा शिफ्टमध्येच छाती धडधडून खाली बसलो. डॉक्टरांनी धारवाडला पाठवलं. वाटलं, टेन्शनच्या गोळ्या देतील. निघालं ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. शाळेत मला खुळा म्हणायचे, शिवजयंतीच्या मिरवणुकीतून मी कान धरून घरी पळायचो, ते सगळं आठवतंय. आई रडते. म्हणते, रोप लावणीच्या दिवसांत तुला आजीकडे ठेवत होतो, त्यानंच झालं. बाबा म्हणतात, “कुणाजवळ बोलायचं नाही बघ, अक्काचं स्थळ ठरूलंय.” मी नेमका कोण आहे तेच कळेना झालंय. काय करू?’

आधी आईचं बोलू, कारण तू कामावर गेल्यावर ती दिवसभर एकटी तेच घोकत असणार. आजीकडे ठेवल्यानं ऑटिझम होत नाही. आईची माया कमी पडली म्हणून मूल असं होतं, असं एके काळी मोठमोठे डॉक्टरही म्हणायचे आणि त्यापायी कितीतरी आयांनी जन्मभर स्वतःला दोष लावून घेतला. बर्नार्ड रिमलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. त्यानं १९६४ साली ते मत खोडून काढलं. ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीतच असतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण हे तू सांगितलंस तर ‘पोरगा माझं मन राखायला बोलतोय’ असंच तिला वाटेल. पुढच्या खेपेला तिला सोबत ने आणि डॉक्टरांच्याच तोंडून ऐकव.

आता तुझं. मिरवणुकीतून पळणारा मुलगा भित्रा नव्हता, त्याच्या कानांना तो आवाज खरोखरच सोसत नव्हता. माणसांत कसं बोलायचं ते तू बघून बघून शिकला असशील, म्हणून कामावरून घरी येतोस तेव्हा अंगात काही उरत नसेल. अहवालानं या सगळ्याचं कारण तुझ्या हातात दिलंय. पार्टमधला बारीकसा फरक चटकन पकडणारी तुझी नजर कालपर्यंत हुशारी होती, ती आजही हुशारीच आहे. इतक्या उशिरा कसं कळलं, याचा राग येत असेल तर येऊ दे, तो रास्त आहे. जे मूल बोलतं, पास होतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बोलक्या, हुशार माणसांतही ऑटिझम असतो हे लोर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी १९८१ साली ठळकपणे मांडलं, तरी ते आपल्याकडच्या शाळांपर्यंत पोचायला फार वेळ गेला. आपल्या १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकार केले, त्यात तो आला.

एक गोष्ट तपासून घे. मोठ्या माणसाचं निदान करताना लहानपणाची माहिती आईवडिलांकडून घेतात. आपल्या भागात डॉक्टर कन्नडमधून विचारतात, आई मराठीतून सांगते आणि मधला माणूस निम्मंच पोचवतो, असं होऊ शकतं. तसं झालं असेल आणि मनात शंका असेल, तर कोल्हापूरला किंवा पुण्याला मराठीतून दुसरं मत घे. झोप आणि धडधड यांवर मात्र उपचार आहेत, ते थांबवू नको. रात्री फार जड गेलं तर मनाच्या त्रासावर मदत करणाऱ्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. ऑटिझम ‘बरा करतो’ म्हणून कुणी पैसे मागितले, मग तो अंगारेवाला असो की स्टेम सेलवाला, तिथून सरळ उठून ये.

अक्काच्या स्थळाचं मला सगळ्यात जास्त लागलं. बाबा घाबरलेत, त्यांच्या मनात वाईट नाही. अहवाल तुझा आहे, तो गावभर करायची काही गरज नाही, इथवर त्यांचं बरोबर. पण जिचं लग्न आहे तिला हे कुणी सांगितलंय का? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. सुपारी फुटायच्या आधी तिला समोर बसवून सगळं सांग. भावाला ऑटिझम असला तर बहिणीच्या मुलांत तो येण्याची शक्यता थोडी वाढते. येईलच असं मुळीच नाही. तिला शंका असेल तर तीही तुझ्या डॉक्टरांना विचारू शकते. तिकडच्या मुलाला सांगायचं का आणि कसं, हे तिनं ठरवायचं, बाबांनी नाही आणि तूही नाही. आज लपवलं आणि उद्या सासरी कळलं, तर टोमणे तिलाच ऐकावे लागतील. तिला न विचारता हे ओझं तिच्या डोक्यावर ठेवणं मला पटत नाही. समज, स्थळ मोडलं. ‘तुझ्यामुळं मोडलं’ असं घरात कुणीतरी म्हणेल. ऐकून घे, पण ते मनाला लावून घेऊ नको. असल्या कारणानं पाठ फिरवणाऱ्या घरात तुझी बहीण सुखानं नांदली असती, असं मला वाटत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राची घाई नाही. हवं वाटेल तेव्हा यूडीआयडी या दिव्यांगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी अर्ज करता येतो, आणि प्रमाणपत्र कर्नाटकात मिळालं तरी ते देशभर चालतं.

राहिली नोकरी. मॅनेजरला निदान सांगायलाच हवं असं नाही. आधी कामापुरतं बोल: ‘साहेब, मला परत इन्स्पेक्शनला घ्या. तिथं माझं काम चोख होतं. फ्लोअर सांभाळायला लागल्यापासून माझी झोप गेलीय. आणि सूचना तोंडी देण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवाल का?’ एवढ्यानं भागलं तर पुढचं सांगायचं की नाही, ते सवडीनं ठरव. वाढलेला पगार राहणार की जाणार, हे त्याच बैठकीत विचारून घे आणि ते लिहून मागून घे. तोवर राजीनामा देऊ नको.