सही चालते आहे तोवर

प्रश्न: मी 64 वर्षांची गृहिणी असून नाशिकला राहते. यजमान 71 वर्षांचे आहेत आणि आठ वर्षांपासून त्यांना पार्किन्सन्स आहे. खासगी कारखान्यातून ते निवृत्त झाले, पेन्शन जेमतेम 3,000 रुपये. 38 लाखांच्या ठेवी आणि राहता फ्लॅट, दोन्ही त्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत. व्याजाचे महिन्याला 22,000 येतात, पण रात्रीच्या मावशी, औषधे, फिजिओथेरपी आणि घरखर्च मिळून 41,000 लागतात. अलीकडे संध्याकाळी त्यांना विसर पडू लागला आहे. चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या की खर्च 52,000 वर जाईल. बेंगळुरूचा मुलगा अधूनमधून पैसे पाठवतो आणि ‘पुढची कटकट नको, फ्लॅट आत्ताच माझ्या नावावर करा’ असे म्हणतो. मुलगी जळगावला असते. नणंद म्हणतात, त्यांना सुश्रूषा केंद्रात ठेवलेत तर लोक नावे ठेवतील. ठेवी मोडू, फ्लॅट विकू, की आणखी काही करू? माझ्यासाठी काही उरेल का, हा विचार मनात येतो आणि त्याची लाज वाटते.

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुम्ही ज्याची लाज बाळगता, तोच विचार या सगळ्या हिशोबात पहिला यायला हवा. खर्च 52,000 झाला आणि महागाईप्रमाणे दरवर्षी वाढत गेला, तर व्याजासकट तुमचे 38 लाख सहा-सात वर्षांत संपतात. तेव्हा तुम्ही सत्तरीत असाल, तुमच्या नावावर पेन्शन नसेल, आणि यजमानांना तुमची गरज आजच्यापेक्षा जास्त असेल. पार्किन्सन्स वर्षानुवर्षे सोबत करणारा आजार आहे, त्यामुळे पैशांचे नियोजन त्यांच्या आजारपणापुरते करून भागणार नाही; ते तुमच्या म्हातारपणाच्या टोकापर्यंत पोहोचायला हवे.

मात्र पैसे कमी पडण्याच्या आधी तुमच्यापुढे दुसरी अडचण उभी राहील, आणि तिचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. या आजारात अक्षर बारीक होत जाते. सहीचे पहिले अक्षर ओळखू येते, पुढची एकमेकांत मिसळून जातात, आणि मग बँकेतल्या नमुन्याशी सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो. एवढ्यापुरता उपाय आहे: आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे, आणि त्यांतला एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असावा लागतो. परंतु ज्या दिवशी आपण कशावर सही करतो आहोत हे त्यांना समजेनासे होईल, त्या दिवसापासून अंगठाही उपयोगाचा नाही. अनेक कुटुंबे मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची आकलनशक्ती गेली की तो अधिकारही संपतो, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद कुचकामी ठरतो. त्यानंतर स्वतःच्याच घरासाठी पालक म्हणून नेमणूक मागायला कोर्टात जावे लागते. तुमच्याकडे आज जी मुदत आहे, ती या अर्थाने मोजा.

तेव्हा पहिले काम बँकेत. बचत खाते आणि सर्व ठेवी दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने करून घ्या, आणि ठेव मुदतीआधी मोडण्याचा अधिकारही दोघांपैकी कोणालाही राहील असे त्यात स्पष्ट लिहून घ्या. हे कलम नसल्यामुळे ऐन वेळी अडलेल्या बायका मला पत्रे लिहितात. दुसरे म्हणजे, यजमानांच्या संमतीने 15 लाख तुमच्या नावावर वळवून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. तिचा दर अलीकडे 8.2 टक्के राहिला आहे, म्हणजे दर तिमाहीस 30,750 रुपये, आणि पाच वर्षे तो बदलत नाही. पतीने दिलेल्या पैशांवरचे व्याज करासाठी पतीच्याच उत्पन्नात धरतात, पण तुमचे एकूण उत्पन्न पाहता त्याची चिंता नको. व्याज घरात खर्च करा. मुद्दलाला मात्र हात लावायचा नाही, मुलाने किंवा नणंदेने कितीही गळ घातली तरी.

आता फ्लॅट. मुलगा सुचवतो तो कागद योग्य आहे, त्यावरचे नाव मात्र चुकले आहे. राहते घर जोडीदाराला किंवा मुलांना बक्षीसपत्राने द्यायचे तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, त्यामुळे हे काम स्वस्तात होते आणि म्हणूनच घाईतही होते. ते बक्षीसपत्र तुमच्या नावाने व्हावे. उद्या फ्लॅट विकावा लागला किंवा बँकेकडून त्यावर रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे राहते घर तारण ठेवून ठरावीक काळाने पैसे देणारे कर्ज, घ्यावे लागले, तर सही करणारी व्यक्ती भानावर आणि घरातच हवी, आणि ती तुम्ही आहात. मुलाच्या नावे केलेले घर ‘आमचा सांभाळ करशील’ ही अट कागदात नसताना परत मिळवणे फार कठीण असते, मुलगा कितीही गुणी असला तरी. सोसायटीतल्या नॉमिनेशनवर विसंबू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आजच विकण्याची मात्र मला गरज दिसत नाही. ओळखीच्या घरातून यजमानांना हलवलेत तर संध्याकाळचा गोंधळ वाढण्याचीच शक्यता अधिक.

हे सगळे सकाळी, औषधाचा अंमल असताना करा. त्याच दिवशीचे डॉक्टरांचे, यजमान विचारपूर्वक निर्णय घेऊ शकतात असे, प्रमाणपत्र जोडा. निबंधक कार्यालयाचे जिने त्यांना झेपणार नसतील तर आजारपणाच्या कारणावरून दुय्यम निबंधकांना घरी येण्याची विनंती करता येते. आणि त्यांना नीट समजावून, त्यांचे म्हणणे ऐकून मगच सही घ्या. पैसा त्यांनी कमावलेला आहे, आणि त्यांना अजून मत आहे.

मेडिक्लेमवर फार भिस्त ठेवू नका, कारण घरी ठेवलेल्या मावशींचा पगार त्यातून मिळत नाही. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी असलेले आयुष्मान कार्ड मात्र काढून ठेवा. पडून हाड मोडले किंवा न्यूमोनिया झाला तर योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला 5 लाखांपर्यंतचा आधार त्याने मिळतो.

केंद्राबद्दल मी नणंदबाईंशी सहमत नाही. ज्या दिवशी तुमची पाठ यजमानांना उचलून बसवायला नकार देईल, त्या दिवशी चांगले केंद्र हाच जबाबदार निर्णय ठरेल. आत्तापासून दोन-तीन केंद्रे पाहून ठेवा आणि तिथे एवढे विचारा: रात्री किती रुग्णांमागे किती माणसे असतात, पार्किन्सन्सच्या गोळ्या घड्याळ लावून दिल्या जातात का, अनामत रक्कम कशी परत मिळते, आणि रुग्णालयात हलवावे लागले तर सोबत कोण जाते. नणंदबाईंना लोकांची इतकी काळजी असेल, तर महिन्यातल्या दोन रात्री त्यांनी तुमच्या घरी येऊन काढाव्यात, म्हणजे मावशींच्या सुट्टीचा प्रश्न सुटेल.

राहिली मुले. ‘अधूनमधून’ या शब्दावर घर चालत नाही. मुलगा आणि मुलगी दोघांना एकत्र बसवा, शक्य नसेल तर फोनवर घ्या, वरचा हिशोब त्यांना वाचून दाखवा, आणि दर महिन्याच्या 5 तारखेला प्रत्येकाकडून किती येणार हे ठरवून घ्या. मुलीला तुम्ही आजवर विचारलेले दिसत नाही. तिला वगळणे हा तिच्यावर उपकार नाही. 15 लाखांचे आणि फ्लॅटचे कागद करण्याआधीच त्यांना सांगा, म्हणजे नंतर कळल्याचा राग राहणार नाही. मुलगा नाराज होईल कदाचित. फ्लॅट पुढे कोणाला जावा हे तुम्ही तुमच्या मृत्युपत्रात लिहू शकता, असे त्याला शांतपणे सांगा, आणि वकिलाची वेळ याच आठवड्यात घ्या.