लायनेलच्या खेळण्यातल्या आगगाडीचे जुने अ‍ॅल्युमिनियमचे डबे आरशासारखे कसे चमकवावेत?

तुमच्याकडचे 1954 च्या सुमाराचे चार डबे करडे पडलेत, त्यांवर पांढरे ठिपके आलेत आणि बफ (फिरत्या कापडी चाकाचं पॉलिश) मारू का, असं तुम्ही विचारलंय. मारू नका. आरसा हवा असेल तर आरसाच विकत घ्या.

लायनेल या अमेरिकी खेळणी-रेल्वे कंपनीने 2530 च्या मालिकेत हे डबे काढले ते स्टेनलेस स्टीलच्या खऱ्या डब्यांची प्रतिकृती म्हणून. त्या डब्यांच्या पन्हळींवर लांबीच्या दिशेने मऊ झळाळी असायची. लायनेलचा डबा साच्यातून दाबून काढलेला, त्यामुळे त्यावरही लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात. भिंग लावून बघा. बफ आधी त्या रेघा खातो, मग पन्हळीचे माथे. बफ मारलेला एक 2532, म्हणजे छतावर पारदर्शक घुमट असलेला ‘सिल्व्हर रेंज’, माझ्या टेबलावर आला तेव्हा माथे सपाट झालेले होते आणि खाचांत पॉलिश काळं होऊन बसलं होतं. काळं टूथपिकने निघालं. माथे परत येत नाहीत.

टोकांचे स्क्रू काढा, खिडक्यांच्या पट्ट्या, दिवा, घुमट सगळं बाजूला ठेवा. घुमटाला थिनर लावलात तर प्लास्टिक गेलंच म्हणून समजा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश, बस. धुण्याचा सोडा नको, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. तारेची घासणीही नको, तिचे लोखंडी कण खाचांत अडकून गंजतात. नावाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतील तर डबा भिजत ठेवू नका.

ठिपक्यांवर निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी, कानकाडीने एक मिनिट, मग भरपूर पाणी. खड्डा पडला असेल तर तो राहणारच, त्याच्या मागे लागू नका.

मग एका बाजूला हरभऱ्याएवढं ऑटोसोल (धातूच्या पॉलिशची पेस्ट), जुन्या बनियनचं फडकं, आणि हात फक्त लांबीच्या दिशेने. गोल घासलंत की उजेडात चकरा दिसतात. फडकं काळं पडतं ते मळाने नव्हे, तो धातूच निघतोय. म्हणून दुसरं फडकं काळं झालं की थांबा. ब्रासोची वाळलेली भुकटी खाचांतून निघता निघत नाही. नावाच्या अक्षरांवर पॉलिशचं बोट लागू देऊ नका, दोन फेऱ्यांत अक्षरं पुसट होतात.

‘चमकला नाही तर कष्ट कशाला’ असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी बफ मारलेला डबा आणि हात न लावलेला डबा रुळावर शेजारी उभे करून दिवा तिरका धरावा.

हो, एक राहिलं: डबे मूळ खोक्यांसकट मिळाले असतील तर साबणाच्या पुढे जाऊच नका. संग्राहक हात न लावलेल्या पृष्ठभागाचे पैसे देतात.