नदीचंच पाणी नदीत सोडायला परवाना कशाला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दक्षिण डकोटातल्या एका रिझर्व्हेशनवरच्या जलशुद्धीकरण केंद्राचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. फिल्टरचं बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुतल्याचं पाणी) आणि क्लॅरिफायरचा, म्हणजे पाणी निवळायच्या टाकीचा, गाळ आधी एका तळ्यात जातो आणि तळ्यातून पाइपाने शेजारच्या ओढ्यात. पाणी नदीचंच, गाळही नदीचाच, मग परवाना कशाला? आणि लागत असेलच तर राज्याच्या पर्यावरण खात्याकडून घ्यायचा का?

उत्तरं उलट्या क्रमाने देतो. दुसरं चुकलं की पहिल्यावर केलेली सगळी मेहनत वाया जाते. माझी गेली आहे.

आधी एक खुलासा, इथे नवीन आलेल्यांसाठी. रिझर्व्हेशन म्हणजे आपलं आरक्षण नव्हे. करारांनी आणि कायद्यांनी अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींकडे राहिलेला तो भूप्रदेश आहे. तिथे जमातीचं स्वतःचं सरकार असतं आणि राज्य सरकारची सत्ता बऱ्याच बाबतीत त्या हद्दीवर थांबते. पाण्यात सोडायच्या सांडपाण्याचा परवाना ही त्यातलीच एक बाब. देशात बहुतेक ठिकाणी हे परवाने राज्यं देतात, पण जमातींच्या प्रदेशात ते काम ईपीए, म्हणजे केंद्र सरकारची पर्यावरण संस्था, स्वतः करतं. अपवाद आहेत. मेन राज्यात न्यायालयाने 2007 साली राज्याच्या बाजूने कौल दिला आणि ओक्लाहोमाचं 2005 च्या एका कायद्यामुळे वेगळंच त्रांगडं आहे. तुमच्या कामाला ते दोन्ही लागू नाहीत.

माझी चूक अशी झाली. पहिल्याच कामात प्लँटची जागा काउंटीच्या दप्तरात खाजगी मालकीची निघाली. मी म्हटलं, खाजगी जमीन म्हणजे राज्याचा अंमल. अर्ज राज्याकडे लावला. कित्येक महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं की हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. बरोबरच होतं त्यांचं. ‘इंडियन कंट्री’ची व्याख्या 1948 च्या फौजदारी कायद्यातली आहे, कलम 1151. त्यात रिझर्व्हेशनच्या सीमेच्या आतली सगळी जमीन येते, मग सातबारा कुणाच्याही नावावर असो. म्हणजे मालकी नंतर बघायची, आधी सीमा बघायची. आणि सीमासुद्धा डोळे मिटून धरायची नाही. वायोमिंगमधल्या रिव्हर्टन गावाभोवतीचा भाग विंड रिव्हर रिझर्व्हेशनमध्ये येतो असं ईपीएने 2013 मध्ये ठरवलं होतं. 2017 मध्ये दहाव्या सर्किटने, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, ते फिरवलं. कारण काय, तर 1905 चा एक कायदा!

उलटंही होतं. मिनी विकोनी प्रकल्प बघा. लाकोटा भाषेत त्याचा अर्थ ‘पाणी म्हणजे जीवन’, आपल्यासारखंच. 1988 मध्ये मंजुरी मिळालेल्या या योजनेत फोर्ट पियरजवळ मिसूरी नदीचं पाणी उचलून शुद्ध करतात आणि पाइन रिज आणि रोझबड या रिझर्व्हेशनांपर्यंत नेतात. पाणी पाइन रिजला पोचतं, पण प्लँट तिथून कितीतरी लांब, नदीकाठी. म्हणून पाणी कोण पितं यावरून परवान्याचं ठरवू नका. पाइपाचं तोंड कुठल्या जमिनीवर उघडतं ते बघा.

तुमच्या भागासाठी ईपीएचं रीजन 8 म्हणजे डेन्व्हरचं कार्यालय. सहा राज्यं त्यांच्याकडे आहेत, पण नवाहो नेशनचा युटातला भागसुद्धा सॅन फ्रान्सिस्कोचं रीजन 9 बघतं, हे कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या प्लँटचं सांडपाणी सगळीकडे साधारण सारखंच असतं, म्हणून प्रत्येकाला वेगळा परवाना न देता एक सामाईक परवाना काढतात आणि प्लँटने ‘आम्ही यात येतो’ असं इरादापत्र द्यायचं. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. इरादापत्र छोटं असतं, एका दुपारी भरून होतं.

पण ते भरण्याआधी जमातीच्या पर्यावरण विभागात जाऊन बसा. फोन नको, प्रत्यक्ष जा. हे शिष्टाचारापुरतं सांगत नाही. 1987 च्या दुरुस्तीने स्वच्छ पाणी कायद्यात कलम 518 आलं आणि त्यामुळे पात्र जमातीला काही बाबतींत राज्यासारखी वागणूक मिळते. अशी मान्यता घेतलेली जमात आपल्या पाण्याचे दर्जे स्वतः ठरवते आणि ईपीएच्या परवान्यालाही कलम 401 खाली तिचा दाखला लागतो. दाखला देताना ती अटी घालू शकते. मान्यता नसेल तर तो दाखला ईपीए स्वतः देतं. तुमच्या जमातीचं काय आहे ते पहिल्याच भेटीत विचारा.

या दर्जांची ताकद किती, ते इसलेटा पुएब्लोने दाखवून दिलं. न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदेच्या काठची ही छोटी जमात, तिच्या वरच्या अंगाला अल्बुकर्की शहराचं मैलापाणी केंद्र. 1992 मध्ये इसलेटाने स्वतःचे दर्जे मंजूर करून घेतले. आर्सेनिकची मर्यादा राज्यापेक्षा कडक होती, आणि नदीच्या उपयोगांत ‘धार्मिक विधी’ असा एक उपयोग नोंदवला होता, ज्यात पाण्यात उतरणं आणि ते तोंडात जाणंही धरलं होतं. शहर कोर्टात गेलं. 1996 मध्ये दहाव्या सर्किटने जमातीच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला. माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना ‘विधीसाठी पाणी तोंडात घेणं’ हा प्रकार समजावून सांगावा लागला. आचमन पाहिलेल्या माणसाला तो समजावा लागत नाही.

आता पहिला प्रश्न. ‘नदीचंच पाणी’ हा युक्तिवाद मीही केलाय. नोकरीची पहिली वर्षं मी कृष्णाकाठच्या एका पाणीपुरवठा योजनेवर काढली. तिथे बॅकवॉश सरळ नाल्यात जायचं आणि पावसाळ्यात तुरटीचा तो तपकिरी साका नाल्याच्या तळाशी थर धरून बसलेला असायचा. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. इथल्या नियमांत येणाऱ्या पाण्यातल्या प्रदूषकाची वजावट मिळण्याची तरतूद आहे खरी, पण त्याच नियमात स्पष्ट लिहिलंय की कच्चं पाणी निवळून जमलेल्या क्लॅरिफायरच्या गाळाला ही वजावट नाही. नाव घेऊन दार लावलंय.

आणि खरं सांगायचं तर गाळ हा यातला लहान भाऊ. मोठा भाऊ क्लोरीन. फिल्टर धुवायला आपण शुद्ध केलेलं पाणी वापरतो, त्यात समजा लिटरला 1.5 मिलिग्रॅम क्लोरीन आहे. गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी दीर्घ मुदतीचा निकष आहे 0.011 मिलिग्रॅम. म्हणजे जे पाणी आपण पोरांना बिनघोर पाजतो ते माशांच्या निकषाच्या जवळजवळ 136 पट. घरी फिशटँक असलेल्यांना हे माहीत असतं, इंजिनिअरांना नसतं.

त्यात प्रमाण बघा. 100 चौरस फुटांचा एक फिल्टर, दर चौरस फुटाला मिनिटाला 15 गॅलन या वेगाने 10 मिनिटं धुतला तर 15,000 गॅलन, म्हणजे 57 हजार लिटरच्या आसपास. उन्हाळ्यात ओढ्यात सेकंदाला एक घनफूट पाणी वाहत असेल तर ते मिनिटाला 450 गॅलन. बॅकवॉश चालू असताना मिनिटाला 1,500. तळं नसतं तर त्या दहा मिनिटांत ओढा म्हणजे तुमचं बॅकवॉशच. तळं आहे म्हणून तुम्ही वाचलात. पण तळं गाळाने भरत आलं की पाणी या तोंडातून त्या तोंडाला सरळ निघून जातं. हिवाळ्यात वर बर्फ धरला की ऊन लागत नाही आणि क्लोरीन फार सावकाश कमी होतं. उन्हाळ्यातले सुंदर आकडे बघून फसू नका.

पिण्याच्या पाण्याच्या प्लँटसाठी देशभर एकच तांत्रिक मर्यादा ईपीएने घातलेली नाही. अभ्यास केला, 2011 मध्ये जाडजूड अहवाल काढला आणि नियम मात्र केला नाही. त्यामुळे परवाना लिहिणारा स्वतःच्या व्यावसायिक निर्णयाने आकडे ठरवतो. तरंगत्या गाळासाठी 30 मिलिग्रॅम मासिक सरासरी हा नेहमीचा आकडा, शिवाय पीएच आणि एकूण क्लोरीन. तुरटी वापरत असाल तर ॲल्युमिनियमही विचारतील.

नमुन्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. क्लोरीन आणि पीएच नमुना घेतल्यापासून 15 मिनिटांत तपासावं लागतं. बर्फाच्या खोक्यात घालून दोनशे मैलांवरच्या प्रयोगशाळेला पाठवलेला नमुना बाद. पाइपाच्या तोंडाशी उभं राहून, वाऱ्यात, हातमोजे काढून करायचं काम आहे हे, आणि ते ऑपरेटर करतो. त्याला चांगलं मीटर आणि क्लोरीन तपासायची डीपीडी पूड पुरेशी द्या; क्लोरीन असलं की ती पाण्याला गुलाबी करते. एवढा बारीक आकडा साध्या मीटरवर दिसत नाही, म्हणून किती वाचनाखाली मर्यादा पाळली असं धरायचं ते परवान्यात दिलेलं असतं. तो आकडा खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि गुलाबी रंगावर आंधळा विश्वास नको. विहिरीच्या पाण्याच्या एका प्लँटवर आम्ही तळ्याच्या पाण्यात डीपीडीची पूड टाकायचो आणि नळी गुलाबी व्हायची. क्लोरीन मारणाऱ्या थायोसल्फेटचा डोस वाढवला, तरी गुलाबी. मी आणखी वाढवायला निघालो तेव्हा तिथला ऑपरेटर म्हणाला, “बॅकवॉश होऊन चार दिवस झाले, ऊन हे असं, क्लोरीन राहील कशाला?” मग नमुन्यातलं क्लोरीन रसायनाने आधी मारलं आणि पुन्हा पूड टाकली. तरी गुलाबी. ते मँगनीज होतं. ऑक्सिडाइज झालेलं मँगनीज डीपीडीला तस्साच रंग देतं. दोन महिने आम्ही नसलेल्या क्लोरीनशी लढत होतो.

ओढ्यात काही सोडायचंच नाही, हाही मार्ग आहे. तळ्यातलं निवळ पाणी पुन्हा प्लँटच्या सुरुवातीला घेता येतं, 2001 च्या नियमाने सगळ्या प्रक्रियेतून नव्याने जाईल अशा जागी. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे पोट बिघडवणारे परजीवी बॅकवॉशमध्ये गोळा झालेले असतात, म्हणून ही अट. तळं मोठं करून बाष्पीभवनावर सोडता येतं, पण तळ झिरपता नको. जमिनीतून झिरपून नदीला मिळणारं पाणीही थेट सोडल्यासारखंच धरलं जाऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये माउईच्या खटल्यात सांगितलंय. ‘आमचा ओढा वर्षातले दहा महिने कोरडा असतो, तो कायद्यात येतच नाही’ असं, स्वच्छ पाणी कायद्याची व्याप्ती आखडणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या सॅकेट निकालानंतर, बरेच जण म्हणू लागलेत. कधी कधी ते खरंही असतं. पण ते तुम्ही ठरवू नका, ईपीएकडून लेखी घ्या. आणि कायद्यात येत नसला तरी ओढा जमातीचा आहे, त्यांचे स्वतःचे नियम असू शकतात.

प्लँटला साधं क्लोरीन आहे की क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग), पाइपाचं तोंड तळ्याच्या कुठल्या बाजूला आहे आणि ओढा ऑगस्टमध्ये वाहतो का, एवढं कळवा. क्लोरामाइन असेल तर तळ्यात ते सहजी उडत नाही, मग डोसिंगचं वेगळं बोलावं लागेल.