'द पिआनिस्ट'सारखं अजून काय बघू?

प्रश्न : 'द पिआनिस्ट' परत बघितला आणि परत तितकाच हललो. यावर कुठल्या जुन्या सिनेमाचा प्रभाव आहे का? आणि असेच अजून सिनेमे सुचवा ना, शक्यतो संगीतकारावरचे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : संगीताची अट घातलीत तर यादी लगेच आटपते हो. ऑशविट्झ या नाझी छळछावणीतल्या बायकांच्या ऑर्केस्ट्रावरचा 'प्लेइंग फॉर टाइम' (१९८०) आहे, टीव्हीसाठी केलेला, व्हेनेसा रेडग्रेव्हसाठी बघाच. पण मला विचाराल तर 'द पिआनिस्ट' हा नाझींपासून लपलेल्या माणसाचा सिनेमा आहे. आठवा, फ्लॅटमध्ये पियानो आहे पण आवाज झाला तर मेलोच, म्हणून सिनेमाचा नायक, पियानोवादक श्पिलमन, बोटं पट्ट्यांच्या वर हवेतच फिरवतो. आणि शेवटी तो काकड्यांचा डबा, उघडता उघडता हातातून सुटतो, घरंगळत जातो आणि समोर जर्मन ऑफिसर!

त्यामुळे प्रभाव शोधायचा तर कॅरल रीडचा 'ऑड मॅन आउट' (१९४७) बघा. गोळी लागलेला जेम्स मेसन रात्रभर शहरात भटकतो, कुणी घरात घेतं, कुणी बाहेर काढतं. 'द पिआनिस्ट'चा दिग्दर्शक पोलान्स्कीच्या अगदी आवडत्या सिनेमांपैकी हा एक.

आता गंमत ऐका, 'द पिआनिस्ट' ज्यावर बेतलाय त्या खऱ्या श्पिलमनच्या आठवणींवर पोलंडमध्ये १९५० सालीच एक सिनेमा येऊन गेला होता, 'मियास्तो न्येउयाझ्म्योने'. पटकथेत चेस्वाव मिवॉश होता, तोच पुढे नोबेल मिळालेला कवी, पण कम्युनिस्ट राजवटीने पटकथेत इतकी ढवळाढवळ केली की त्याने आपलं नावच काढून घेतलं.

'शिंडलर्स लिस्ट' तर तुम्ही बघितलाच असेल. तो स्पीलबर्गने आधी पोलान्स्कीला देऊ केला होता, पण तो सिनेमा क्राकोव्हच्या घेट्टोचा, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीचा, जिथे पोलान्स्की स्वतः लहानपणी अडकलेला, त्याची आई ऑशविट्झमध्ये मारली गेली, मग कसा हो म्हणणार? 'शिंडलर्स लिस्ट' आणि 'द पिआनिस्ट' दोन्हींचं कलादिग्दर्शन मात्र एकाच माणसाचं, अॅलन स्टार्स्की.

पोलिश दिग्दर्शक आंद्रे वायदाचे दोन राहिले. 'कोर्चाक' (१९९०) वॉर्सा घेट्टोतल्या अनाथाश्रमाच्या डॉक्टरांवरचा, तो जरा दम धरून बघा. आणि 'कनाल' (१९५७), १९४४ च्या वॉर्सा उठावातली माणसं गटारातून जीव वाचवत पळतायत, श्पिलमन वरच्या खिडकीतून बघतो ना, तोच उठाव. सुरुवात यानेच करा, फक्त जेवताना लावू नका.