मित्रांचाच सुपरवायझर झालो, आता?

प्रश्न : भोसरीच्या एका सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपमध्ये ७ वर्षं ऑपरेटर होतो. दोन महिन्यांपूर्वी लाइन सुपरवायझर केलं. हाताखाली १४ जण, बरेचसे जुने मित्र. सांगितलेलं हसण्यावारी नेतात. सेकंड शिफ्टला रिजेक्शन (माप चुकून बाद होणारा माल) वाढलंय, आणि टार्गेटसाठी शेवटी मीच मशीनवर उभा राहतो. काय करू?

उत्तर : आधी मशीन सोडा. तुम्ही एका मशीनवर जॉब, म्हणजे एकेक पार्ट, मारत असता तेव्हा बाकीची लाइन वाऱ्यावर असते. शिवाय अडलं की हा येतोच, हे पोरांना पाठ झालेलं असतं.

रिजेक्शन शिफ्ट बदलल्याबदलल्या वाढतं का, ते पाहा. बोअरिंगचा इन्सर्ट (भोक कापणारं, बदलता येणारं पातं) झिजला की बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, लहान यायला लागतो. पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर थोडाथोडा ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) देत ४० मायक्रॉनपर्यंत (मिलिमीटरचे ४० हजारावे भाग) जातो आणि घरी जातो. दुसरा येऊन नवा इन्सर्ट लावतो, ऑफसेट तसाच. बोअर ४० मायक्रॉन मोठा! लहान बोअर पुन्हा मारता येतो, मोठा झालेला बहुधा भंगारातच जातो. मग दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून हँडओव्हर केबिनमध्ये नको, मशीनपाशीच घ्या : इन्सर्ट कधी बदलला, ऑफसेट किती दिलाय, शेवटच्या जॉबचं माप काय, बाद मालाच्या लाल बिनमध्ये किती पडले. इन्सर्ट बदलल्यावर फर्स्ट पीस मोजून सही झाल्याशिवाय पुढचा जॉब लागणार नाही. जिवलग मित्राचाही नाही. यासाठी येणाऱ्याला दहा मिनिटं लवकर बोलवावं लागलं, तर तेवढा वेळ हजेरीत धरून घ्या. फुकटचा हँडओव्हर आठवड्यात बंद पडतो.

अरे-तुरेचं मनावर घेऊ नका. खरी नाराजी ओव्हरटाइमवरून होते. पैसे दुप्पट दराने मिळतात, त्यामुळे रविवारी कोणाला बोलावलं यावर सगळ्यांचा डोळा असतो. नावांचा क्रम बोर्डावर लावा, आणि टपरीवर चहा पिता पिता कोणाची सुट्टी मंजूर करू नका. चूक दाखवायची ती त्याच दिवशी, बाजूला घेऊन, तो जॉब आणि बोअर गेज हातात धरून.

शेवटी एक तक्ता करा. उभी नावं (तुमचंही), आडवी मशीनं. प्रत्येक चौकटीत एक गोल काढून भरा : पाव गोल म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे देखरेखीखाली चालवतो, पाऊण म्हणजे एकट्याने, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ज्या रकान्यात पूर्ण गोल फक्त तुमच्या नावासमोर येईल, ते मशीन आधी शिकवायला घ्या. एकदा करून दाखवा; मग त्याला करू द्या, आणि प्रत्येक पायरी का, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. पहिले पाच जॉब त्याने मोजायचे, तुम्ही फक्त माप तपासायचं. हात पाठीमागे.