जपानमधल्या शाळेत परदेशी शिक्षिकेचा रोजचा दिवस कसा असतो?

तुमचा प्रश्न असा, की तुम्ही नाशिकच्या, इंग्रजी घेऊन बी.एड. केलेलं, सध्या एका खाजगी शाळेत शिकवता, पूर्ण शाकाहारी आहात. जपानमध्ये इंग्रजी शिकवायला गेलात तर रोजचं आयुष्य कसं असेल आणि ते झेपेल का. मी मूळची पुण्याची. ओकायामा प्रीफेक्चरमधल्या, म्हणजे त्या प्रांतातल्या, एका लहान शहरात, एक माध्यमिक आणि दोन प्राथमिक शाळा मिळून, एएलटी म्हणजे सहायक भाषाशिक्षिका म्हणून काम करते. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलं आहे, ती बाग इथलीच. टोकियोत राहणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल, तेव्हा हे सगळं लहान गावाच्या हिशोबाने वाचा.

आधी उत्तर देते. राहणं झेपेल, मजेत झेपेल. पण शिकवण्याची हौस भागेल अशा भरवशावर येऊ नका. पदाच्या नावात 'सहायक' आहे आणि ते अक्षरशः खरं आहे. सरकारी शाळेत वर्गाची जबाबदारी जपानी परवाना असलेल्या शिक्षकाची. तुम्ही त्यांच्या बाजूला उभ्या. माध्यमिक शाळेत पन्नास मिनिटांचा तास असतो. त्यात मी धड्यातला संवाद मोठ्याने वाचते, मुलं माझ्यामागून म्हणतात, मग जोड्या करून प्रश्नोत्तरं, शेवटी वह्यांवर लाल पेन. एखाद्या शिक्षकाबरोबर तास इतका रंगतो की घंटा झालेली कळत नाही. दुसऱ्या एखाद्याकडे मी फक्त वाचून दाखवायचं यंत्र असते. कोण वाट्याला येईल हे आपल्या हातात नाही.

प्राथमिक शाळा जास्त गमतीच्या. 2020 च्या एप्रिलपासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुण असलेला विषय झाला, वर्षाला 70 तास, आणि तिसरी-चौथीला 35 तास नुसती तोंडओळख. वर्गशिक्षकांपैकी बऱ्याच जणांना स्वतःलाच इंग्रजी बोलायचं दडपण येतं, त्यामुळे तिथे ते मागे सरकतात आणि तास जवळजवळ तुमच्या हातात येतो. बी.एड.चं चीज झालंच तर इथे होईल.

माझ्या मते या नोकरीतलं खरं आयुष्य वर्गात नाही, स्टाफरूममध्ये आहे. एकच मोठी खोली, इयत्तेप्रमाणे टेबलांचे गट जोडलेले, आणि समोर सगळ्यांकडे तोंड करून उपमुख्याध्यापक बसलेले. सकाळी आल्यावर हजेरीच्या वहीत सहीऐवजी आपल्या नावाचा छोटा शिक्का, हान्को, उमटवायचा. मग पाच-दहा मिनिटांची सभा: आज कुठल्या वर्गाची सहल, कोणता मुलगा आजारी, कुठल्या पालकांचा फोन आला. सगळं भराभर जपानीत. सुरुवातीला यातलं काही कळत नाही, आणि कळलं नाही तरी कोणी थांबून सांगत नाही. आलात तर जपानी शिकून या, निदान एन-4 च्या पातळीपर्यंत (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पायरी). वर्गात नाही लागणार, या सभेत लागेल. फोटोकॉपीच्या यंत्रापाशी होणाऱ्या गप्पांत लागेल.

माझी सुटी सव्वाचारला होते. निघताना 'तुमच्याआधी निघतेय, माफ करा' अशा अर्थाचं एक ठरलेलं वाक्य म्हणायचं असतं. ते म्हणून मी बाहेर पडते तेव्हा सहकारी नुकतेच मैदानावरच्या क्लबकडे निघालेले असतात. विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या 2018 च्या पाहणीत जपानमधल्या माध्यमिक शिक्षकांचा आठवडा सरासरी 56 तासांचा निघाला होता, सहभागी देशांत सगळ्यांत लांब. यावर ओव्हरटाइम नाही. 1971 च्या कायद्याने त्याबदल्यात पगाराच्या 4 टक्के सरसकट भत्ता लावून दिला आणि तो अर्धं शतक तसाच राहिला. 2025 मध्ये दुरुस्ती होऊन तो टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर न्यायचं ठरलं. शेजारच्या टेबलावरचे गणिताचे सर रात्री आठपर्यंत बसतात हे ठाऊक असताना सव्वाचारला पर्स उचलणं सोपं नसतं. पण उगाच बसून राहिल्याने त्यांचं काम हलकं होत नाही, हेही खरं.

याच सरांमुळे मी शाळेत थोडी 'प्रसिद्ध' झाले. भारतीयांना 19 गुणिले 19 पर्यंतचे पाढे पाठ असतात अशी इथे पक्की समजूत आहे. 2007 च्या सुमारास 'भारतीय पद्धतीचं गणित' म्हणून पुस्तकांची लाटच आली होती. जपानी मुलं दुसरीत नऊ नव्वे एक्क्याऐंशीपर्यंत चालीवर पाठ करतात आणि थांबतात. सरांनी एक दिवस मला तासाला नेलं आणि पोरांना सांगितलं, विचारा काय हवं ते. मी लहानपणी आजीच्या धाकाने तिसापर्यंत पाढे केलेले, शिवाय पावकी-निमकी तिच्या तोंडून ऐकलेली. 17 साते विचारलं, 119 सांगितलं. 18 नव्वे, 162. एकाने 23 आठे विचारलं आणि टॅब्लेटवर उत्तर तपासून 'एएए' असा लांब हेल काढला. तेव्हापासून कॉरिडॉरमध्ये भेटलेली मुलं 'हॅलो' म्हणण्याऐवजी गुणाकार टाकतात. इंग्रजी शिकवायला आलेल्या बाईची ओळख पाढेवाली म्हणून व्हावी, हे मला तरी आवडलं. गोरा अमेरिकन शिक्षक येईल अशी अपेक्षा असलेल्या शाळेत तुम्ही जाता तेव्हा पहिल्या आठवड्यात ते चेहऱ्यांवर दिसतं. त्याचा त्रास करून घ्यायचा की त्याचं काहीतरी करायचं, हे आपल्यावर आहे.

आता जेवण, कारण तुमचा खरा प्रश्न मला वाटतं तोच आहे.

दुपारचं जेवण, क्यूशोकु, वर्गातच होतं. पांढरे झगे, टोप्या आणि मास्क घातलेली पाळीवरची मुलं मोठी पातेली ढकलत आणतात आणि स्वतः वाढतात. भात किंवा पाव, एक सूप, एक मुख्य पदार्थ, एक भाजी आणि 200 मिलीलिटर दूध, भाताबरोबरही दूधच. सगळ्यांची ताटं भरल्याशिवाय कोणी घास घेत नाही. त्याआधी साधारण अर्धा तास मुख्याध्यापक आपल्या खोलीत तेच जेवण एकटे जेवून बघतात आणि चव, वास, शिजलंय का, याची नोंद वहीत करतात. त्यांना काही झालं नाही तर मुलांना मिळतं! स्वयंपाकघरात प्रत्येक पदार्थाचा 50 ग्रॅम नमुना उणे 20 अंशांखाली दोन आठवडे राखून ठेवतात, विषबाधा झालीच तर तपासायला. जेवण झालं की मुलं दुधाची खोकी धुऊन, कापून, चपटी करून रचतात. आपल्याकडे खिचडीच्या बातम्या वाचून आलेल्या माणसाला हे बघताना हेवा वाटतो, लपवत नाही.

पण यातलं शाकाहारी काय? जवळपास काही नाही. सूपचा आधारच सुकवलेल्या माशाचा असतो, पालकाच्या भाजीवरसुद्धा सुक्या माशाचे पातळ काप भुरभुरलेले असतात. महिन्यातून एखादी करी येते, तीत बटाटा, गाजर आणि बहुतेक वेळा डुकराचं मांस. ती आली की अख्खा वर्ग माझ्या तोंडाकडे बघतो, 'खरी करी अशीच असते ना?' म्हणून. ॲलर्जी असेल तर इथली व्यवस्था फार काटेकोर आहे, मुलाचं ताट वेगळं, त्यावर नाव. 'मी खात नाही' हे मात्र त्या चौकटीत बसत नाही. उपाय साधा आहे: पहिल्याच दिवशी उपमुख्याध्यापकांना सांगून घरचा डबा आणायची परवानगी घ्या आणि वर्गात मुलांबरोबर बसूनच खा. मी तेच करते. पोळी-भाजी बघून पोरं विचारतात, 'आज नान नाही?' इथल्या भारतीय हॉटेलांत, जी बहुतेक नेपाळी मंडळी चालवतात, ताटाबाहेर लोंबणारा नान मिळतो, त्यामुळे भारत म्हणजे नान. पोळी समजावून सांगण्यात माझे कितीतरी तास गेले असतील.

घरी स्वयंपाकाची अडचण नाही. तूरडाळ, पोहे, हिंग, सगळं ऑनलाइन मागवता येतं, एक गोडा मसाला सोडून. गोडा मसाला आईकडून. इथला चिकट तांदूळ वरण-भाताला झकास लागतो. 2024 पासून तांदूळ मात्र भलता महागला, 2025 च्या वसंतात पाच किलोची पिशवी 4000 येनच्या वर गेली होती, तेव्हा मी पोळ्यांवर होते.

घराविषयी दोनच गोष्टी. थंडी बाहेर नाही, घरात असते; भिंती पातळ, आख्ख्या घराला उब देणारी सोय नाही, जानेवारीत न्हाणीघरात जाणं म्हणजे शिक्षा. दुसरं, कचरा. गावाने ठरवलेल्या पिशव्या, ठरलेले वार, सकाळी आठच्या आत. चुकीची पिशवी स्टिकर लावून तशीच राहते आणि सगळी गल्ली बघते. गल्लीची माहिती एका फळीवर लावून घरोघर फिरते, वाचून आपला शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. शेजारच्या आजी ती द्यायला येतात तेव्हा सोबत मुळा नाहीतर पर्सिमनचं फळ असतं. हे टोकियोच्या फ्लॅटमध्ये मिळणार नाही.

शाळेचं वर्ष एप्रिल ते मार्च. मार्चअखेर सरकारी शिक्षकांच्या बदल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून येते, आणि ती वाचायला स्टाफरूममध्ये जी झुंबड उडते ती बघून जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या माझ्या मामाची आठवण येते. ज्यांच्याशी आपली घडी बसलेली असते त्या सहकाऱ्यांपैकी काही जण अशा एका सकाळी निघून जातात.

पैशाचं स्पष्ट सांगते. परदेशी सहायक शिक्षकांना आणणाऱ्या, 1987 पासून सुरू असलेल्या सरकारी जेट योजनेत पगार बरा आहे, पहिल्या वर्षी बरीच वर्षं 33 लाख 60 हजार येन होता, 2025 च्या एप्रिलपासून 40 लाख 20 हजार. मध्यस्थ कंपनीमार्फत आलात तर यापेक्षा बरंच कमी. अशा कंपन्यांच्या करारात तीन गोष्टी बघा: ऑगस्टच्या सुट्टीत पगार पूर्ण की अर्धा, आठवड्याचे तास मुद्दाम 30 च्या खाली 29.5 असे तर लिहिलेले नाहीत (म्हणजे लहान कंपनीला आरोग्य विमा आणि पेन्शनचा अर्धा भार उचलायला लागू नये म्हणून), आणि करार दरवर्षी नव्याने होतो का. माझ्या पहिल्या करारात तिन्ही होत्या. शिवाय स्थानिक कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर असतो, त्यामुळे पहिल्या वर्षी तो जाणवतच नाही आणि दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून अचानक पगार आक्रसतो. त्याची तरतूद ठेवा.

तुमच्याकडे बी.एड. आणि वर्गाचा अनुभव आहे, म्हणून मी तुमच्या जागी असते तर आधी टोकियो-योकोहामातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांकडे अर्ज केला असता. इंडिया इंटरनॅशनल स्कूल इन जपान 2004 पासून आणि ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल 2006 पासून तिथे आहेत. तिथे तुम्ही पूर्ण शिक्षिका असाल, तुमची पदवी मोजली जाईल, आणि टोकियोतल्या निशीकासाईसारख्या भारतीय वस्तीच्या भागात राहिलात तर वाणसामानाचाही प्रश्न नाही. जपान मात्र कमी दिसेल. मला जपान जवळून बघायचं होतं आणि शिकवण्याची तडजोड चालणार होती, म्हणून माझं गणित जमलं.

तरीही एएलटी म्हणूनच यायचं असेल तर एक कागद आत्ताच मिळवा. सरकारी शाळेत परकी भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान 12 वर्षांचं शिक्षण झाल्याचं दाखवावं लागतं. तुमची शाळा मराठी माध्यमाची असेल तर हा मार्ग जवळपास बंद आहे, मग पदवी कितीही चांगली असो. इंग्रजी माध्यमाची असेल तर शाळा आणि महाविद्यालय दोन्हींकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलात असा दाखला घ्या. शाळेच्या ऑफिसात असा दाखला ठरलेल्या नमुन्यात नसतो, क्लार्क बोनाफाइड हातात ठेवतो. मजकूर स्वतः टाइप करून घेऊन जा.